सोमनाथचा टाक

२५ मार्च २०२४, धुलिवंदन

आज वीर मी नेला. आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, घरात दुसरा पुरुष नाही, आणि आजच्या दिवशी वीराला गोदावरीची आंघोळ घडलीच पाहिजे. मोठ्या आत्याने फोनवर सुनावलं, "बाईच्या जातीनं वीर नेल्याचं म्या नाय ऐकलं कधी." आप्पा म्हणाले, "ती बाईची जात नाही, ती लेफ्टनंट आहे." आत्याने फोन आपटला. आप्पा तोफखान्यातले निवृत्त सुभेदार. असा एक गोळा अचूक बसला की दिवसभर खूष असतात.

देवळालीच्या ऑफिसर्स मेसमधली माझी रूम पार्टनर निकिता नागपूरची. वीर म्हणजे काय, ते तिला सकाळी समजावून सांगत होते. घराण्यात जो लढाईत गेला, किंवा लग्नाआधीच अवचित गेला, त्याचा चांदीचा टाक करायचा. छोटासाच पत्रा, त्यावर माणूस कोरलेला. तो देवघरात बसतो. धुलिवंदनाला त्याला लाल फडक्यात, खोबऱ्याच्या वाटीत घालून वाजतगाजत रामकुंडावर न्यायचं. आमच्याकडे तीन टाक आहेत. पणजोबांचे भाऊ घोड्यावरून पडून गेले. लढाईत म्हणतात, पण कुठल्या लढाईत ते कुणी सांगत नाही. आप्पांचे धाकटे काका पट्टीचे पोहणारे, ते विहिरीत गेले. आणि तिसरा माझा दादा.

कॅप्टन सोमनाथ. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, हेलिकॉप्टरच्या कोर्सला हजर व्हायच्या आठवड्यात, देवळालीच्या सरळ मोकळ्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडला. समोर गाडी नाही, ब्रेक मारल्याची खूण नाही. कुत्रं आडवं आलं असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

तर आजचं. सकाळपासून उपास, वर ऊन, कानाशी हलगी. पंचवटीच्या उताराला नाकात एकदम वास भरला, तापलेल्या तेलाचा. आणि वाटलं, हे सगळं आधी होऊन गेलंय. हाच उतार, हीच हलगी. दादा माझ्या डाव्या खांद्यामागे उभा होता. मान वळवायचा धीर झाला नाही. त्यानंतरचं काही आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी कुंडाच्या पायरीवर चिंब भिजून बसले होते, जीभ चावली गेली होती आणि आई माझे पाय धरून रडत होती. माझे पाय! "आला गं माझा सोमा, आला." लोक माझ्यावर गुलाल टाकत होते, एका म्हातारीने तर कडेवरचं नातवंड माझ्या पायावर घातलं.

आई म्हणते, मी दादाच्या आवाजात बोलले. काय बोलले ते तिला नीट सांगता येत नाही. "घोगरं बोललीस. आई म्हनलीस. त्योच व्हता."

घरी आल्यावर आईने शेजारीपाजारी साखर वाटली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली. मला भीती वाटायला हवी होती बहुतेक. अंग ठेचल्यासारखं दुखतंय, पण मला बरं वाटतंय.

१ एप्रिल

अर्ज दिला. आर्मी एव्हिएशन, वैमानिक प्रशिक्षण, स्वेच्छेने. युनिटप्रमुख सीओ साहेबांनी कागद वाचून विचारलं, "भावासाठी की स्वतःसाठी?" मी म्हणाले, "सर, माझ्यासाठी." खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

पायऱ्या तीन. आधी वैमानिक अभिक्षमता चाचणी. ती जन्मात एकदाच देता येते. नापास झालात की तुमच्या नावापुढे कायमची फुली, मग जनरल झालात तरी. मग मेडिकल. मग निवड. दादाने तिन्ही ओलांडल्या होत्या. आमचं घर उपनगर भागात, शेजारच्या गांधीनगरच्या लष्करी धावपट्टीवरून उठलेली हेलिकॉप्टरं आमच्या गच्चीवरून वळतात. लहानपणी आम्ही दोघं चादरी पांघरून त्यांना सलाम ठोकायचो. तो गेल्यापासून आई त्या आवाजाला खिडक्या लावून घेते. आईच्या त्या खिडक्या मला उघडायच्या आहेत.

७ एप्रिल, रविवार

आप्पांनी माझ्यासाठी हेलिकॉप्टर बांधलं. जुन्या खुर्चीपुढे जेवायचे दोन पाट बिजागऱ्यांनी ठोकून पेडल केली आणि झाडूचा दांडा झाला स्टिक. समोर लॅपटॉपवर पळता ठिपका. हाताने ठिपका धरायचा, पायाने रेषा सांभाळायची, आणि मध्येच आप्पा ओरडतील ते आकडे लक्षात ठेवायचे. "डावा! डावा म्हणतोय, खेचर कुठलं!" तोफेच्या ड्रिलला जवानांना शिव्या घालायचे त्यातल्या निवडक मला मिळतात. आम्ही दोघं खूप हसलो.

आई दारात उभी राहून बघत होती. ठिपक्याकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे. जरा वेळाने हळूच विचारलं, "सोमा हाय का आत्ता?" मी म्हणाले, "नाही." ती स्वयंपाकघरात निघून गेली. कोरड्या भाकरीसारखं ते उत्तर मला दिवसभर गिळवलं नाही.

२ मे

गणवेशाची बाही जाळली. निकिता म्हणते, मी इस्त्री हातात धरून खिडकीकडे बघत उभी होते, ओठ चघळत, डाव्या हाताने शर्टाचं बटण चाळवत. तिने पुन्हा पुन्हा हाका मारल्या. मला विचाराल तर तिने एकदाच हाक मारली आणि मी लगेच वळले.

"हर्षाली, तू तिथं नव्हतीसच."

"विचारात होते गं."

"डोळे उघडे ठेवून? एमओला दाखव एकदा."

"बाही जळली म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं का? शिंप्याकडे जातात."

ती हसली नाही. मी तिला अर्धंच सांगितलं होतं. बाही जळण्याच्या आधीच तो तेलाचा वास आला होता, आणि दादा आला होता. असं आता आठवड्या-दोन आठवड्यांनी होतं. पोटातून काहीतरी वर चढत येतं आणि सगळी खोली ओळखीची होते, इतकी की रडू यावं. तो बोलत नाही. नुसता डावीकडे उभा राहतो. मग जातो, आणि मला भयंकर झोप येते.

कुणाला सांगायचं हे? आईला सांगितलं तर ती माझ्या खोलीत बस्तान मांडेल. एमओला सांगितलं तर तो माझं डोकं तपासेल. हे माझं आणि दादाचं आहे.

११ जून, डेहराडून

पास.

पास पास पास. लेखी भागात आकाशातली विमानं कुठल्या दिशेला कललीत ते ओळखायचं होतं, ते झालं. मग यंत्र. खोक्यासारखी केबिन, स्टिक, पेडल, कानात आवाज. ठिपका पळायला लागला आणि पहिल्या क्षणी मी हरवले. पाय एकीकडे, हात दुसरीकडे. मग वाटलं, माझ्या मुठीवर कुणीतरी मूठ ठेवलीय. मी हात सैल सोडले. ठिपका आला तो मध्यावर बसूनच राहिला. हात माझे नव्हते, देवाशपथ.

निकाल लगेच सांगतात. माझ्यासोबत एक कॅप्टन होता, राजस्थानकडचा, जाडजूड मिशांचा. तो नापास झाला. बाहेर झाडाखाली बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत बसला होता. त्याला आता आयुष्यात कधीच हे करता येणार नाही. मला आनंदाने ओरडायचं होतं, पण त्याच्यासमोरून मान खाली घालून गेले.

आप्पांना फोन केला. ते फक्त "शाबास जवान" म्हणाले आणि फोन आईला दिला. आईने विचारलं, "एकटीच व्हतीस का?"

"नाही," मी म्हणाले. ती रडली. बक्षिसासारखं ते मी तिला देऊन टाकलं.

२२ ऑगस्ट, बंगळुरू

मेडिकल संपलं. माझ्या पायाची लांबी, बसल्यावरची उंची, मांडीची लांबी असं सगळं मापून झालं. हुंड्याच्या बोलण्यांतसुद्धा मुलीला एवढं बघत नाहीत. डोळे, कान, रंग, हृदय, सगळं उत्तम.

शेवटी एका डॉक्टरांनी समोर बसवून प्रश्न विचारले. झोपेत चालता का? कधी शुद्ध हरपली होती का? झटके, आकडी, काही काळ हरवल्यासारखं?

माझ्या डोळ्यांसमोर रामकुंडाची पायरी आली.

मी म्हणाले, "नाही, सर."

"घरात कुणाला?"

"नाही, सर."

खोटं बोलले का? ट्रेनमध्ये बसून हाच हिशेब मांडतेय. शुद्ध हरपली असेल तर दादा आला नव्हता. दादा आला असेल तर शुद्ध हरपली नव्हती. दोन्ही एकदम कसं खरं असेल? दादा आला होता, आईने त्याचा आवाज ऐकला. आई मुलाचा आवाज चुकेल का? मग माझं उत्तर बरोबरच आहे.

आणि दादालाही या खुर्चीत बसवून हेच विचारलं असेल. तो काय म्हणाला असेल?

६ ऑक्टोबर, रविवार

निवड झाली! जानेवारीत कोर्स, इथेच, घरावरून वळणाऱ्या त्याच हेलिकॉप्टरांमध्ये. आप्पा काठी विसरून गल्लीत पेढे वाटायला गेले. आत्याचा फोन आला, मी वीर नेल्याचं हे पुण्य म्हणाली, आणि जणू तिनेच मला पाठवलं होतं असं सगळं श्रेय स्वतःच्या खात्यात जमा केलं. उंटावरून शेळ्या हाकायला ती जन्मलीच आहे.

आईने पेढा दादाच्या टाकापुढे ठेवला. बराच वेळ हात जोडून उभी होती. स्वतः मात्र एकही खाल्ला नाही. मी जवळ गेले तर माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "नाय गेलीस तर नाय चालणार का?"

"अगं, आता? घोडं गंगेत न्हालं आणि तू लगाम ओढतेस?"

"तसं नाय." मग म्हणाली, "जा. तो हाय तुझ्यासंगं." आनंदाच्या भरात बायका काहीबाही बोलतात. मी तिला मिठी मारली.

१७ नोव्हेंबर, रविवार

जे झालं ते लिहून काढते, मग कळेल.

आईला घेऊन स्कूटीवरून भाजीला निघाले. जेल रोड, सकाळची वेळ, रस्त्याला फारशी गर्दी नाही. मी गमतीत म्हणत होते की कोर्स सुरू झाला की आईला पहिली फेरी आकाशातून. वास आला. दादा आला.

मग एकदम आईची किंकाळी. तिने मागून वाकून माझ्या दोन्ही हातांवरून हँडल धरलं होतं आणि आम्ही उसाच्या रसाच्या गाड्याला घासून दुभाजकाशी पडलो होतो. एक ट्रक हॉर्न वाजवत अगदी लगटून गेला. आईचं कोपर फुटलं. मला काही नाही, खरचटलंय फक्त.

रसवाला ओरडत होता, "ताई, झोपली होती का तुम्ही? मी हात करून राहिलो, सरळ माझ्याकडं बघत आली!"

मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. मी तिथं नव्हतेच. निकिताचेच शब्द हे.

रिक्षात आई माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बसली होती, लहान बाळाचा धरतात तसा. घरी आप्पांना म्हणाली, चाक घसरलं.

१८ नोव्हेंबर

सुट्टी वाढवून घेतली. आप्पा बँकेत गेल्यावर आईने मला देवघरापुढे बसवलं. हे तिचे शब्द, जसे आठवतात तसे.

"सोमालाबी यायचं. बारावीला व्हता तवापासनं. जेवता जेवता थांबायचा, घास हातात, डोळं उघडं. व्हट हलवायचा. मी म्हनायचे वीर आला. तुझ्या आजीनं सांगितलेलं, या घरात पोरावर वीर येतो म्हनून. काकांवर यायचा."

"डॉक्टरला दाखवलं नाहीस?"

"देवाची गोष्ट दवाखान्यात नेत्यात व्हय?"

मग पदराशी चाळा करत म्हणाली, "मेडिकलला जायच्या आदल्या दिवशी त्यानं इचारलं मला. आई, सांगू का त्यांना? म्या म्हनले नको बाबा. एवढं हातातोंडाशी आलंय. तो म्हनला बरं. कधी मोडलं का त्यानं माझं?"

मी देवघरात बघत होते. घोड्यावरून पडलेला एक. विहिरीत बुडालेला पट्टीचा पोहणारा एक. सरळ रस्त्यावर पडलेला एक. मी तिन्ही टाक लहानपणापासून घासलेत, चिंच लावून. आज पहिल्यांदा वाचले.

"आणि मी?" मी ओरडले. "मी कुंडावर पडले तेव्हा तुला कळलं होतं?"

"मला सोमा दिसला," आई म्हणाली. "दोन वर्सांनी दिसला. मला दुसरं काय दिसावं?" मग म्हणाली, "काल कळलं. तो तुला न्यायला येतोय गं, हर्षे. एकटा पडलाय म्हनून. जाऊ नको."

म्हणजे अजूनही तिच्या लेखी तोच येतोय. मी उठून गच्चीवर गेले. वरून हेलिकॉप्टर वळलं आणि मी पहिल्यांदाच मान वर केली नाही.

२३ नोव्हेंबर

रोज स्वतःशी भांडतेय. गप्प बसले तर कुणाला काही कळणार नाही. आईही बोलणार नाही, ती गप्प बसण्यात मुरलेली आहे. जानेवारीत मी उडेन. दादाने शिकवलंय, तोच सांभाळेल.

पण तो सांभाळत नाही. हे लिहायला मला पाच दिवस लागले. तो आला की मी जाते. स्कूटीवर तो होता आणि हँडल आईने धरलं.

आणि हेलिकॉप्टरमध्ये शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असतो. दादाचा अकादमीतला कोर्समेट ललित आता गांधीनगरलाच शिकवतो. मागच्या महिन्यात भेटला तेव्हा त्याने मोबाईलमध्ये मुलीचे फोटो दाखवले, नुकती रांगायला लागलीय. म्हणाला, "माझ्याकडेच ये, सोम्याची बहीण म्हणून दुप्पट रगडतो." मी हसले होते.

देवघरात चौथ्या टाकाला जागा आहे. आईने काल तिथली समई सरकवून ठेवलीय. कशासाठी, ते तिलाही माहीत नसेल. मला फार भीती वाटते.

२६ नोव्हेंबर

सांगितलं.

देवळालीच्या मिलिटरी हॉस्पिटलात, लेफ्टनंट कर्नल मॅडम, केरळच्या, हिंदीत बोलतात. मी आधी म्हणाले, डोकं दुखतं. त्यांनी गोळी लिहायला पेन उचललं. मग मी म्हणाले, "मॅडम, माझ्या अंगात माझा भाऊ येतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. हसल्या नाहीत, दचकल्या नाहीत. येण्याआधी काय होतं, विचारलं. तेलाचा वास, मी म्हणाले. पोटातून काही वर चढतं का? हो. सगळं आधी घडून गेलंय असं वाटतं? हो. नंतर झोप येते? हो. तो कुठल्या बाजूला असतो? डावीकडे. त्या एकेक विचारत होत्या आणि मला वाटत होतं, दादाला या माझ्याही आधीपासून ओळखतात. मला त्यांचा राग आला. माझ्या दादाचं सगळं वर्णन त्यांच्या पुस्तकात होतं.

"घराण्यात कुणाला असा त्रास?"

बंगळुरूला मी नाही म्हणाले होते. "हो," मी म्हणाले. "तिघांना. तिघांचेही टाक आहेत आमच्याकडे." टाक म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी कागदावर तिन्ही नोंदी केल्या. मग म्हणाल्या, बंगळुरूला काय सांगितलंस? मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते मला कळवावं लागेल. तुला माहीत आहे ना, याने काय होईल?"

"माहीत आहे म्हणून तर आले, मॅडम."

बाहेर आल्यावर निकिताला फोन केला आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडले.

९ डिसेंबर

तपासण्या झाल्या. मेंदूचा आलेख काढला, डोक्याला वायरी लावून. मॅडमनी एका जागी बोट ठेवलं. छोट्याशा काट्यांची रांग. "हे बघ." हा दादा.

अपस्माराच्या गोळ्या सुरू, सकाळ-संध्याकाळ. गाडी चालवायची नाही, पोहायचं नाही, उंचावर चढायचं नाही. कोर्स रद्द. आता मेडिकल बोर्ड बसेल. कमिशन राहील, टेबलावरचं काम मिळेल, असं मॅडमना वाटतं. बंगळुरूच्या खोट्याबद्दल सीओ साहेबांनी उभं करून झापलं. शेवटी दारापर्यंत सोडायला आले. तेवढ्याने मला जास्त रडू आलं.

आप्पांना मीच सांगितलं. ते ऐकत राहिले. "सोमालाही?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. ते आईकडे बघणार असं वाटलं, पण नाही बघितलं. हत्यारं काढून खुर्चीचे पाट सोडवत बसले. एकेक बिजागरी, एकेक स्क्रू. आज आम्ही त्याच पाटांवर बसून जेवलो.

३० डिसेंबर

तीन आठवडे झाले, दादा आला नाही.

आज इस्त्री करताना मुद्दाम थांबून बघितलं. काही नाही. इस्त्रीचा नुसता इस्त्रीसारखा वास. मॅडम म्हणतात, गोळी छान लागू पडलीय. मी थँक यू म्हणाले. दुसऱ्यांदा मेला तो, आणि या वेळी गोळ्या मी स्वतः गिळल्या. असं लिहू नये, निकिता रागावेल. पण मला तसंच वाटतं आणि ही वही माझी आहे.

६ जानेवारी २०२५

कोर्स सुरू झाला. माझ्याशिवाय. गच्चीवरून बघितलं. एक हेलिकॉप्टर डळमळत वळलं, कुणीतरी नवशिका असणार. मी पेडल दाबत होते, नुसत्या सिमेंटवर. मला उडायचं होतं. भावासाठी नव्हे, आता कळतंय, मलाच. सीओ साहेबांना मी खरंच बोलले होते आणि मला ते माहीत नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार

आज दादाचं श्राद्ध होतं. पाहुणे दुपारीच गेले. आप्पा आत पडले होते. संध्याकाळी मी गोळी काढली तर आई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी येऊन बसली. तांब्या मात्र देईना.

"आजच्या दिवस नाय घेतली तर?" ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"आजच्या दिवस. उद्या घे. मी तुला धरून बसते, पडू नाय द्यायची. मला त्याला एक इचारायचंय."

मला संताप आला. ट्रक दिसला, रसाचा गाडा दिसला, रामकुंडावर माझे पाय धरलेली ती दिसली. मी तिला काहीतरी भयंकर बोलणार होते. पण तिचा चेहरा बघितला आणि विचारलं, "काय विचारायचंय?"

"म्या त्याला सांगू नको म्हनले," आई म्हणाली. "त्याचा राग हाय का, तेवढंच. तू नीट सांगितलंस डॉक्टरला, तू हायेस. त्यानंबी सांगितलं असतं... त्याला सांगायचं व्हतं गं. म्या गप केलं." पदर तोंडात धरून ती हलत राहिली, आवाज न करता. तीन वर्षं ती त्याला भेटायला तडफडत नव्हती. तिला त्याच्यापुढे उभं राहायचं होतं, झालं. आणि मी तिला खोटीखोटी दर्शनं वाटत फिरत होते.

मला सोपं होतं. डोळे मिटायचे, आवाज घोगरा करायचा, म्हणायचं, राग नाही आई. ती लगेच शांत झाली असती. ओठापर्यंत आलं होतं.

मी तिच्या हातातून तांब्या घेतला आणि गोळी गिळली. ती बघत राहिली. आशा संपताना माणूस कसं दिसतं ते मी आज बघितलं, आणि ते मीच केलं होतं.

"तो येत नव्हता, आई. कधीच नाही. मीच होते."

"मग त्याचा राग?"

"मला माहीत नाही. कुणालाच नाही आता कळायचं."

बाहेर अंधारून आलं होतं. आईने डोळे पुसले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "अन् तुझा?"

"माझा आहे," मी म्हणाले. "खूप आहे. तुला माहीत होतं आणि तू मला पाठवलंस. माझं उडणं गेलं. लय राग आहे मला तुझा."

तिने मान हलवली. पळून गेली नाही, देवघराकडे बघितलं नाही. पदर खोचून माझ्यासमोर नीट मांडी घालून बसली.

"बोल," ती म्हणाली. "त्याच्या वाट्याचंबी बोल."

मग मी बोलत गेले, आणि ती ऐकत गेली.